हात हलवायचा की अंगठा?

नमस्कार दादा,

आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, मिस्टर, सासू-सासरे, ११ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. दिवाळीत टीव्हीला जोडायचा गेम घ्यायचं मुलांना कबूल केलंय. तीस-पस्तीस हजारांपर्यंत जायची तयारी आहे. पण घरात दोन तट पडलेत.

मिस्टरांचं म्हणणं, घ्यायचाच तर हात हलवून खेळायचा घ्या. मुलगा शाळेतून आला की सोफ्यावर आडवा होतो, वजन वाढत चाललंय, निदान घाम तरी येईल. धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत, लहानपणापासून गेम खेळतात. ते म्हणतात, हात हलवायचे गेम म्हणजे पाहुण्यांना दाखवायची मजा, तीन महिन्यांत माळ्यावर जाईल. सरळ बटणांच्या कंट्रोलरवाला प्लेस्टेशन घ्या. मुलगा अर्थातच काकांच्या बाजूनं. मुलीच्या हातात बटणांचा कंट्रोलर दिला की दोन मिनिटांत रडारड, कारण दादा दर वेळी हरवतो. सासऱ्यांनी (वय ६९) दिरांच्या मित्राकडं हात फिरवून बॉलिंग खेळलं, तेव्हापासून तेही 'तसलं घ्या' म्हणतात. पण त्यांचा उजवा खांदा मागच्या वर्षी आखडला होता, अजून पूर्ण मोकळा नाही.

आमचा हॉल दहा बाय बारा. खालचे काका आवाजाच्या बाबतीत फार कडक. ओळखीच्या दुकानदारानं निन्टेंडो स्विचचं लाइट मॉडेल स्वस्तात देतो म्हणून सांगितलंय. परवा मिस्टर आणि दीर फोनवर यावरून चांगलेच तापले, आणि दिवाळीला सगळे एकत्र येणार आहोत. मला यातलं काही कळत नाही. काय घेऊ?

एक वाचक, विश्रामबाग, सांगली


ताई,

कळत नाही म्हणता, पण पत्रातली सगळ्यांत कामाची माहिती तुम्हीच दिलीत. हॉल दहा बाय बारा आणि खाली कडक काका. दोघा भावांनी तापायच्या आधी टेप लावून जागा मोजली असती तर अर्धं भांडण तिथंच मिटलं असतं.

निकाल आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत दुकानदाराचा फोन यायचा. टीव्हीला जोडता येणारा निन्टेंडोचा स्विच घ्या, साधा किंवा ओलेड (म्हणजे जास्त चांगल्या पडद्याचा). त्यावर हात हलवूनही खेळता येतं आणि बटणांनीही. लाइट घेऊ नका. लाइट टीव्हीला जोडताच येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. एकट्यानं हातात धरून खेळायचं ते यंत्र आहे. तुमच्या घरातल्या सहा माणसांपैकी एकाची सोय होईल आणि पाच जण त्याच्या खांद्यावरून डोकावतील. दुकानदार फसवतोय असं नाही, त्याच्याजवळ तो पडून असेल एवढंच.

आता मिस्टरांचा मुद्दा. त्यांच्या मनात जे आहे ते जगाच्या मनात २००६ साली भरलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निन्टेंडोनं वी नावाचा गेम बाजारात आणला. हातात टीव्हीच्या रिमोटसारखी पांढरी कांडी, ती रॅकेटसारखी फिरवायची आणि पडद्यावर टेनिस. आजी-आजोबांपासून सगळे उठून उभे राहिले. दहा कोटींवर वी खपले. पण त्या कांडीच्या पोटात काय होतं ते बघा. एक अ‍ॅक्सिलरोमीटर. नखाएवढी चिप, आत सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर टांगलेला अगदी सूक्ष्म भार. हात झटकला की तो भार सरकतो आणि झटका कुठल्या बाजूला किती बसला ते यंत्राला कळतं. बस, एवढंच. तुम्ही खांद्यापासून हात फिरवलात की सोफ्यावर आडवं पडून मनगट उडवलंत, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यात त्या टेनिसमध्ये खेळाडू मैदानभर आपोआप पळतो, आपण फक्त फटक्याची वेळ साधायची.

पोरांना हे किती दिवसांत उमगतं? माझ्या ओळखीच्या घरांत आठवडा पुरला. पहिल्या रविवारी उड्या मारणारा मुलगा पुढच्या रविवारी उशीला टेकून, एका हातात भडंगाची वाटी घेऊन, दुसऱ्या हाताच्या मनगटानं बापाला हरवत असतो. २००९ मध्ये निन्टेंडोनं मोशनप्लस म्हणून जायरोस्कोपची जोड दिली, म्हणजे वळण किती आणि कुठं घेतलं तेही मोजता यायला लागलं. आजच्या स्विचच्या जॉय-कॉन नावाच्या सुट्या कंट्रोलरमध्ये दोन्ही असतात. नेम पुष्कळ सुधारला. आळस करायची सोय मात्र राहिली.

हे नुसतं माझं बघणं नाही. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोजमाप छापलं होतं. वीवर खेळणाऱ्या मुलांची ऊर्जा बसून खेळणाऱ्यांपेक्षा जास्त खर्च होते, पण तोच खेळ खरोखर मैदानात खेळण्याइतकी होत नाही. त्याहून तुमच्या घराला लागू पडणारी गोष्ट अमेरिकेतली. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिननं ९ ते १२ वर्षांच्या मुलांना घरी वी दिले. काहींना हालचालीचे गेम, काहींना बसून खेळायचे. १३ आठवडे हे चाललं, आणि हालचाल मोजायला मुलांच्या अंगावर यंत्रं बांधली होती. २०१२ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक नाही. तुमचा मुलगा नेमका त्याच वयाचा. वजनासाठी गेम घ्यायचा विचार मिस्टरांनी सोडून द्यावा. संध्याकाळी आमराईत फेऱ्या मारा, नाहीतर पोराला बॅट देऊन खाली पाठवा. स्मृती मानधना ज्या गावात खेळून मोठी झाली, तिथं पोराला घाम यावा म्हणून तीस हजारांचा डबा आणायचा, हे काही मला पटत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो मी तुमच्यासाठी सांगतोय, मुलासाठी नाही. रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर, २०१९ चा गेम. त्यात एक जाडसर लवचीक कडं येतं, एक जॉय-कॉन त्यात बसवायचा आणि दुसरा पट्ट्यानं मांडीला बांधायचा. कडं दाबायला खरोखर जोर लागतो, बैठक मारल्याचं मांडीवरच्या जॉय-कॉनला कळतं, त्यामुळं मनगटाची चलाखी चालत नाही. आणि त्यात आवाज न करता खेळायची सोय आहे, जागेवर धावण्याऐवजी गुडघ्यात हलकं वाकायचं. खालच्या काकांना पत्ता लागणार नाही. पत्रात तुम्ही घरातल्या सगळ्यांना काय हवं ते लिहिलंत, स्वतःचं सोडून. बघा जमलं तर. दिवाळीत लगेच नको, नंतर घ्या.

आता दिरांकडं वळतो. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं चांगलंच खरं आहे.

बटणांचा कंट्रोलर उगाच टिकलेला नाही. अधिकाच्या चिन्हासारखं दिशांचं बटण निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली एका हातातल्या गेमसाठी बनवलं. मिस्टरांच्या वयाच्या लोकांनी पिवळी कॅसेट घालून जो टीव्ही गेम खेळला, त्याच्या रिमोटवर तेच होतं. १९९६ मध्ये अंगठ्याखालची स्टिक आली, पुढच्याच वर्षी प्लेस्टेशनवाल्या सोनीनं दोन्ही अंगठ्यांना एकेक स्टिक दिली, आणि तेव्हापासून ढाचा जवळपास तोच. कारण साधं आहे. मांडीवर हात टेकून अंगठा दोन मिलिमीटर हलवला की पडद्यावरचा माणूस दरी ओलांडतो. तीन तास खेळलं तरी दंड भरून येत नाहीत. पेटी शिकणारा पट्ट्या बघत बोटं टाकतो आणि सरावलेला डोळे मिटून वाजवतो, तसं आहे ते. तुमच्या दिरांची बोटं पंचवीस वर्षांत तयार झालीत. त्यांना हात हलवायला सांगणं म्हणजे येत असलेलं सगळं बाजूला ठेवायला सांगणं. राग येणारच.

दुसरं कारण जरा आतलं आहे. बटण दाबलं की दाबलं, त्यात शंका नाही. हात फिरवला की यंत्राला आधी ठरवावं लागतं, हा फटका होता की माशी हाकलली? ते ठरायला हात थोडा तरी फिरलेला असावा लागतो. म्हणजे उशीर आलाच, आणि कधी कधी चूकही. एक वेळ उडी मारायची असेल तर चालतं. पण एका मिनिटात वीस वेळा एखादी गोष्ट करायची असेल, आणि त्यासाठी दर वेळी कांडी झटकावी लागत असेल, तर चांगला माणूस वैतागतो. त्या काळात कितीतरी गेमवाल्यांनी एक बटण पुरलं असतं तिथं झटका घातला, केवळ नवी टूम म्हणून. दिरांच्या मनात राग आहे तो अशा गेमांचा, आणि रास्त आहे. निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतला स्कायवर्ड स्वोर्ड २०११ साली आला तो हातानं तलवार फिरवूनच खेळावा लागायचा, दुसरा इलाजच नव्हता. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये तोच गेम स्विचवर आणताना कंपनीनं बटणांनी खेळायची सोय दिली. आणि खपाचं म्हणाल तर वीनंतरच्या वी यूला दीड कोटीचा आकडाही गाठता आला नाही. पाहुण्यांना दाखवायची मजा म्हणून वी घेतलेले बरेच जण पुढचा गेम घ्यायला परत आलेच नाहीत.

इथवर दीर बरोबर. पुढं मात्र ते २०१० च्या आसपास अडकलेत असं मला वाटतं.

हालचाल ओळखणारी चिप आता बटणांच्या कंट्रोलरच्या आतच येते. ज्या प्लेस्टेशनचा ते आग्रह धरतात त्याच्या कंट्रोलरमध्येही जायरोस्कोप आहे. स्विचच्या प्रो कंट्रोलरमध्ये, म्हणजे वेगळ्या मिळणाऱ्या एकसंध कंट्रोलरमध्ये, आहे. मोठ्या कंपन्यांत एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टनंच तो घातलेला नाही. आणि त्याचा खरा उपयोग उड्या मारण्यात नाही, नेम धरण्यात आहे. स्प्लाटून नावाचा रंग उडवायचा गेम २०१५ मध्ये आला, त्यात मोठं वळण स्टिकनं घ्यायचं आणि शेवटचा बारीक नेम कंट्रोलर किंचित कलवून साधायचा. स्टिकला जे कधीच नीट जमलं नाही ते मनगट सहज करतं, कारण स्टिक किती जोरात वळायचं एवढंच सांगते, नेमकं कुठं थांबायचं ते मनगटाला कळतं. झेल्डाच्या २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये बाण असाच मारतात. तो गेम खेळताना कुणी सोफ्यावरून उठत नाही, आणि तरी हालचाल वापरतोच. दिरांना दिवाळीत हे एकदा हातात घेऊन बघायला सांगा. पहिली दहा मिनिटं शिव्या घालतील. मुलांना तेवढा वेळ फराळाला पाठवा.

म्हणजे या भांडणातले दोन्ही पक्ष जी रेघ ओढून बसलेत ती यंत्रात आता उरलेली नाही. बघायचं ते एवढंच की हातात कोण धरणार आणि किती वेळ. ज्याची बोटं बटणांना सरावलेली नाहीत त्याला हात हलवणं सोपं जातं, पाच मिनिटांत तो खेळात येतो. जो रोज येऊन बसणार त्याला बटणंच लागतात. तुमच्या घरात दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत, म्हणून मला दोन्ही करणारं यंत्र हवं होतं. प्लेस्टेशनचा कंट्रोलर कलवता येतो, पण त्यावर आजोबांना उभं करून खेळवतील असे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय बजेट. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आला तेव्हाच डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता, नंतर चढलाच. तुमच्या पस्तिसात बसत नाही.

मुलाला मात्र एकदा बाजूला घेऊन विचारा, वर्गातले मित्र काय खेळतात? ते सगळे प्लेस्टेशनवर ऑनलाइन फुटबॉल खेळत असतील आणि याला त्यांच्यात शिरायचं असेल, तर स्विच आणून त्याचं समाधान होणार नाही. तेव्हा अजून वर्षभर पैसे साठवा, पण त्याला स्पष्ट सांगून. मला पत्रावरून वाटतं की त्याला प्लेस्टेशनपेक्षा काका जास्त हवाय, पण मी लांबून बोलतोय.

मुलीचं रडू मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. सात वर्षांच्या पोरीला अकरा वर्षांच्या भावापुढं बटणं देऊन बसवलं तर ती हरणारच, आणि दर वेळी हरली की खेळच नको म्हणणार. मारिओ कार्ट ८ डिलक्स घ्या, गाड्यांच्या शर्यतीचा आहे. त्यात प्रत्येक खेळाडूला आपापली सोय वेगळी लावता येते. गाडी निवडायच्या पडद्यावर अधिकाचं बटण दाबलं की तीन खुणा दिसतात. एक चालू केली की गाडी रस्त्याबाहेर पडत नाही, दुसरी केली की स्टिअरिंगसारखा कंट्रोलर कलवून वळता येतं, तिसरी केली की अ‍ॅक्सिलरेटर आपोआप. पोरीसाठी तिन्ही चालू, पोरासाठी तिन्ही बंद. एकाच शर्यतीत एक हातानं वळतेय, एक अंगठ्यानं. कलवायची खूण चुकून मोठ्यांच्या कंट्रोलरवर चालू राहिली तर गाडी दारू प्यायल्यासारखी जाते, आणि दीर म्हणतील, बघा, सांगत होतो मी! तेव्हा सुरू करायच्या आधी बघून घ्या.

सासऱ्यांसाठी स्विच स्पोर्ट्स, २०२२ चा. त्यात बॉलिंग आहे, टेनिस आणि बॅडमिंटनही. त्याला जॉय-कॉनच लागतात, प्रो कंट्रोलर चालत नाही. खांद्याबद्दल मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय टेनिस-बॅडमिंटन नको, कारण हात डोक्यावर जातो. बॉलिंगमध्ये हात खालून जातो आणि जोर लागत नाही, तरीही त्यांना विचाराच. डाव्या हातानं खेळायची सोय आहे, सुरुवातीला हात निवडता येतो. आणि वेळ आखून द्या. २००७ साली एका तरुण स्पॅनिश डॉक्टरचा खांदा वीवर तासन्‌तास टेनिस खेळून इतका दुखला की त्यानं त्यावर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहिलं आणि दुखण्याला वीआयटिस असं नाव दिलं. दिरांनी हे ऐकून टाळी वाजवायच्या आधी हेही सांगा की त्याच जर्नलमध्ये १९९० साली बटणं दाबून अंगठा धरलेल्या बाईबद्दलचंही पत्र आहे, तेव्हा नाव होतं निन्टेंडिनायटिस. दुखायचं असलं की कशानंही दुखतं.

जागेकडं येऊ. बारा फुटांतले तीन सोफ्यात गेले, दीड टीव्हीच्या स्टँडमध्ये. उरले सात-साडेसात. काचेची टीपॉय असेल तर ती आत गेली पाहिजे. दोघं शेजारी शेजारी उभे राहून हात फिरवतील एवढी रुंदी आहे, चौघं नाही. चौघांना खेळायचं तर शर्यत, सोफ्यावर बसून. आणि जॉय-कॉनचा मनगटाचा पट्टा रोज, प्रत्येकानं, न विसरता. वी आला तेव्हा घामट हातांतून रिमोट सुटून लोकांचे टीव्ही फुटले. महिनाभरात, डिसेंबर २००६ मध्ये, निन्टेंडोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची तयारी जाहीर करावी लागली. वीच्या बॉलिंगमध्ये चेंडू सोडताना बटण सोडायचं असायचं, आणि जोशात लोक रिमोटच सोडायचे. तुमचा टीव्ही किती इंची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नवा आणायची वेळ यायला नको.

कुणीतरी तुम्हाला जुना एक्सबॉक्स ३६० किनेक्टसकट आठ-दहा हजारांत देतो म्हणेल. हातात काहीच धरायचं नाही, समोरचा कॅमेरा आख्ख्या अंगाला ओळखतो. ऐकायला भारी. पण त्याला एका माणसासाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर लागतं, तुमच्या हॉलमध्ये एक माणूस कसाबसा बसेल. त्याचं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं आणि किनेक्ट बनवणं २०१७ मध्येच थांबलं. नको.

जुना वी मिळाला आणि कुणी म्हणालं सेन्सर बार (टीव्हीजवळ ठेवायची पट्टी) खराब आहे, तर मात्र गंमत करून बघा. तो बार काही ओळखत नाही, त्याच्या दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे असतात आणि रिमोटच्या तोंडाशी असलेला कॅमेरा ते बघतो. टीव्हीसमोर दोन पणत्या ठेवल्या तरी पडद्यावरचा हात हलतो. दिवाळीच आहे. स्विचला ही भानगड नाही, तो जायरोस्कोपवरच दिशा ठरवतो. थोड्या वेळानं नेम सरकल्यासारखा वाटला तर कंट्रोलर टेबलावर सपाट, स्थिर ठेवून सेटिंगमधून पुन्हा लावून घ्यायचा.

एक गोष्ट दोन्ही भावांच्या बोलण्यात आली नाही, आणि माझ्या दुकानात तीच रोज येते. स्टिक आपोआप जाते. लोक म्हणतात, 'मोशन बिघडलं.' मोशनची चिप सहसा बिघडत नाही, तिच्यात घासायला काही नसतं. बिघडते ती स्टिक. उघडून बघितलं तर आत दोन बाजूंना कार्बनचे काळे पट्टे असतात आणि त्यावरून धातूचे बारीक पाय घासत फिरतात. घासून पट्टा झिजतो, काळी पूड जमते आणि अंगठा लावला नसतानाही गाडी डावीकडं चालू लागते. सगळ्या कंपन्यांच्या साध्या स्टिकमध्ये थोडंफार हेच. आपल्या सांगलीत आणखी एक भर पडते. बटणांच्या कडेला पिवळा चिकट थर, हळद आणि तेल, भडंगाचं. इथल्या कंट्रोलरचं वय त्यावर सांगता येतं. खाताना खेळू नका म्हणून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, पण शेजारी ओलं फडकं तरी ठेवा. स्टिक बदलून मिळते. बदलायची वेळ आलीच तर चुंबकावर चालणारी घाला, तिच्यात घासणारा पट्टा नसतो.

वेळेचं भांडण मिटवायला निन्टेंडोचं पालकांसाठीचं अ‍ॅप फोनवर घ्या. रोजची मर्यादा तिथून लावता येते आणि वेळ संपली की पडद्यावर सूचना येते. मुलगा चिडेल तो फोनवर, तुमच्यावर नाही.

खरेदी करताना एवढं बघा. निन्टेंडो आपल्याकडं स्वतः माल विकत नाही, बाहेरून आलेला असतो. त्यामुळं वॉरंटी दुकानदाराची, कंपनीची नाही. ती किती महिन्यांची ते सिरीयल नंबरासकट पक्क्या बिलावर लिहून घ्या. कंट्रोलर सुटे होऊन टीव्हीवर चित्र येतं ते दुकानातच बघा. मग सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या भागात जाऊन स्टिक तपासायचा पडदा उघडायला सांगा. दोन्ही स्टिकवरून हात काढा. ठिपका मधोमध गप्प बसला पाहिजे. थरथरला किंवा एका कडेला गेला आणि दुकानदार म्हणाला, 'घरी जाऊन अपडेट केलं की जाईल,' तर तो सेट काउंटरवरच ठेवा आणि दुसरा दाखवा म्हणा.